कोंड्याचा पाव, निळी नळी

डोंबिवलीत आता मला बायका पाववाल्या काकू म्हणतात. कुणाच्या घरी मधुमेह निघाला की दोन-चार दिवसांत त्या घरची कुणीतरी माझ्या दारात येते. "काकू, तो कोंड्याचा पाव कसा करायचा हो?" मी सांगते. कणीक किती, कोंडा किती, खमीर कुठून आणायचं, पाव फुगला नाही तर दोष कुणाला द्यायचा, सगळं सांगते. एक गोष्ट तेवढी सांगत नाही, कारण तिची मला अजून लाज वाटते.

परवा मागच्या आळीतली एक मुलगी आली. बावीस-तेवीसची असेल. रडून डोळे सुजलेले, आणि हातात लघवीतल्या साखरेची रोजची तपासणी लिहायला डॉक्टरांनी सांगितलेली वही. मी सहज चाळली. सलग दहा दिवस नळीचा एकच रंग, एकाच शाईने, एका बैठकीत लिहिल्यासारखा.  मी वही मिटून तिला परत दिली, पाव सांगितला आणि परत ये म्हटलं. ती गेल्यावर मला बसवेना की उभं राहवेना. शेवटी माझ्या मुलीच्या, शालूच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढली आणि हे लिहायला घेतलं.

मोरीतल्या मुंग्या

आम्ही तेव्हा आफ्रिकेहून आलो होतो. नाकुरूच्या पुढे रेल्वेचं एक लहानसं स्टेशन आहे, तिथे हे कारकून होते. लग्न होऊन गेले, तेव्हापासून तेरा वर्षं मी तिथेच. आमची शालू तिथलीच. सहा महिन्यांची रजा मिळाली म्हणून डोंबिवलीला माझ्या थोरल्या दिरांकडे उतरलो. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे पडवी आणि विहीर. स्वातंत्र्य मिळून चार वर्षं झाली होती आणि गहू-साखर अजून रेशनवरच होती.

ट्रंका मी पुऱ्या उघडल्याच नाहीत. जाऊबाई म्हणाल्या, "अगं सुमन, कपाटात दोन खण रिकामे केलेत तुझ्यासाठी. लाव की कपडे."

"राहू देत वहिनी, परत भरायचा कंटाळा येतो," मी म्हटलं.

खरं कारण वेगळं होतं. मला परत जायची घाई झाली होती. तिथे घर माझं होतं. हवा गार, आठवड्यातून तीनदा गाडी, आणि मधल्या दिवसांत माझ्या भाजीत मीठ किती पडलं हे सांगायला कुणी म्हणजे कुणी यायचं नाही. इथे दाराची कडी लावायची तरी विचारून. सगळ्यांनी प्रेमानेच वागवलं, पण त्या प्रेमात हातपाय पसरायला जागा नव्हती. मी मनात सारखा हिशेब करायची. तिकडे घड्याळ अडीच तास मागे. म्हणजे आता गाडी शिट्टी देत असेल, आता शेजारच्या रोझीबाईंनी पाव काढला असेल.

दुसऱ्या महिन्यात तहान लागायला लागली. तांब्याने भागेना. जाऊबाई थट्टा करायच्या, "आफ्रिकेत पाणी नव्हतं की काय गं? आख्खी कळशी एकटीने रिकामी केलीस." पोलकी ढगळ झाली, तेव्हा त्या म्हणाल्या, इथलं पाणी मानवत नाहीये. मग एक दिवस त्या मोरीतून ओरडत आल्या.

"मोरीत मुंग्यांची रांग लागलीय! पाक कुणी ओतला इथे?"

पाक कुणीच ओतला नव्हता. घरात पाक करण्याइतकी साखरच नव्हती. दादा, म्हणजे माझे दीर, पेपर बाजूला ठेवून यांच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही कल्याणला डॉक्टरांकडे गेलो.

निदानाचा दिवस

डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात माझ्या लघवीचे आठ थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. औषध हिरवं झालं, मग पिवळं, मग नारिंगी. मी आपली कौतुकाने बघत होते. शेवटी ते भाजलेल्या विटेसारखं लाल झालं आणि डॉक्टरांनी दिवा विझवला.

"साखर नसेल तर हे निळंच राहतं," ते म्हणाले. "तुमच्यात भरपूर आहे. हा आजार बरा होत नाही बाई, सांभाळावा लागतो. दोन वेळा सुई घ्यावी लागेल."

तेव्हा मला काय वाटलं असेल? मरणाची भीती नाही वाटली. मी विचारलं, "पण आम्ही एप्रिलच्या बोटीने जाऊ शकतो ना?"

डॉक्टरांनी यांच्याकडे पाहिलं. "तिथे डॉक्टर किती लांब?"

"गाडीने पाच तास. गाडी एक दिवसाआड."

"औषध ठेवायला बर्फ?"

"नाही."

"मग कसं जाऊ देणार? हे पाहा, नळी सलग तीन महिने निळी राहिली आणि सुई सुटली, तर मी आनंदाने लिहून देईन. तोवर नाही."

बाहेर टांगा उभा होता. शालू आणि मी बसलो. हे म्हणाले, "तुम्ही दोघी बसा. मी पोस्टात जाऊन रजा वाढवायची तार करून येतो." बराच वेळ लागला त्यांना. आले तेव्हा चष्मा पुसत होते. वाटेत मी एकच बोलले, "तीन महिने म्हणजे काही फार नाही." त्यांनी मान हलवली.

सुई आणि दुधी

सुई टोचायला यांनी दुधी भोपळ्यावर हात बसवला. आठवडाभर घरात भोकं पडलेल्या दुधीची भाजी झाली. जाऊबाईंनी सुई उकळायचं पातेलं वेगळं काढलं आणि ते चुकूनही चुलीजवळ येऊ नये म्हणून त्याला तांबडी चिंधी बांधली. मला राग यायचा. आता वाटतं, त्यांनी तरी दुसरं काय करायचं होतं?

शालूने वहीत रकाने आखले. तारीख, सकाळ, संध्याकाळ, रंग. नळी तापवायचं काम माझं. सकाळी पडवीत दिवा पेटवून बसले की दिवसाचा निकाल तिथेच लागायचा. लाल आली की मी दिवसभर कुणाशी नीट बोलायची नाही. हिरवी आली की बोटीचं वेळापत्रक वाचायची. निळी आठवड्यातून एकदा-दोनदा यायची, त्या दिवशी मी शालूला जवळ बसवून स्वाहिलीत गाणं म्हणायला लावायची. ती बिचारी म्हणायची, पण तिला इथल्या शाळेत मैत्रिणी मिळाल्या होत्या हे मी बघून न बघितल्यासारखं करत होते.

हे नुसते बसून कंटाळले म्हणून शहाडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात जायला लागले. "तात्पुरतं," म्हणाले. "वेळ जायला नको का?" मला ते पटलं.

भट्टी

डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला होता. भात जवळजवळ बंद, बटाटा बंद, आणि कोंड्याच्या पावाच्या दोन चकत्या वजन करून. डोंबिवलीत पाव मिळायचा तो पांढरा, मैद्याचा. कोंड्याचा पाव कुणाला माहीतच नव्हता. मी मात्र मनातून खूश झाले. पाव हे माझं काम होतं.

तिकडे आमच्या शेजारी गार्डसाहेबांची बायको रोझीबाई. गोव्याच्या. त्यांनी मला पाव, केक, बिस्किटं सगळं शिकवलं. माझा स्वतःचा ओव्हन होता, पत्र्याची चौकोनी पेटी, स्टोव्हवर ठेवायची. दाराची एक बिजागरी तुटलेली, ती मी तारेने बांधली होती. निघताना तो रोझीबाईंच्या हवाली केला. "मी येईपर्यंत सांभाळा," म्हटलं. त्या म्हणाल्या होत्या, "तू येईपर्यंत दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

आता इथे ओव्हन कुठला? शेगडीवर जाड पातेलं, त्यात वाळू, वाळूवर डबा, वर झाकणावर निखारे. पहिला पाव खालून कोळसा आणि आतून लापशी. दुसरा बरा झाला, पण तो कापायला विळी पुरेना. त्यात खमीर नाही. रोझीबाई पीठ ताडीने फुगवायच्या. मी सहज म्हटलं, "वहिनी, इथे ताडी कुठे मिळेल?" जाऊबाईंच्या हातातली पळी आमटीत पडली. दारूबंदीचे दिवस, दादा सरकारी नोकरीत. त्या दिवसापासून दादांनी माझ्याशी बोलताना खालीच बघायला सुरुवात केली.

शेवटी कल्याणच्या बाजारातली भट्टी सापडली. दिवाळीला, लग्नकार्याला बायका तिथे आपलं तूप-रवा-साखर घेऊन जायच्या आणि नानकटाई भाजून आणायच्या. प्रत्येकीचा पत्रा वेगळा, त्यावर नावाची चिठ्ठी. पत्रा भट्टीतून निघेपर्यंत बाकावर बसून राहायचं, नाहीतर चार नानकटाया कमी भरतात अशी सगळ्यांची खात्री. भट्टीवाले म्हातारे होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी माझं पीठ बोटाने दाबून पाहिलं.

"बाई, इसमें साखर किधर है?"

"साखर नाही. मला चालत नाही."

"तूप?"

"थोडंसं."

"मग हा पाव कशाला म्हणता? दवाई म्हणा." पण खमिराचा गोळा त्यांनी फडक्यात बांधून दिला, आणि दर गुरुवारी सकाळची भट्टी निवली की माझा डबा आत सरकवायला लागले. कोंड्याच्या पावाला अशीच मंद आच लागते, हे त्यांनीच मला शिकवलं.

कोंडा आणायची मानपाड्याची बायजाबाई. डोक्यावर भाजीची पाटी, त्यात माझं गाठोडं. पहिल्यांदा मागितला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून हसली होती. "अगो बाय, कोंडा तू कनाला खातंस? आमचे घरा म्हशी खातान." मग आजार कळला तेव्हा तिने गाठोडं ओटीवर ठेवलं, माझ्या मनगटाला हात लावला आणि म्हणाली, "खा गो. म्हशी पन कशा धडधाकट हान." त्या सगळ्या महिन्यांत मला कुणी दिलेला सगळ्यात चांगला धीर तो.

गूळ

पण पाव कडवट लागायचा. मी तीन महिने म्हणता म्हणता पाच महिने रोज तेच दोन तुकडे चावत होते. नळी कधी हिरवी, कधी पिवळी. एप्रिलची बोट गेली. यांनी सांगितलं, रजा आणखी वाढवलीय, काळजी करू नको.

एक दिवस जाऊबाई म्हणाल्या, "अगं, गूळ घाल की पिठात. डॉक्टरांनी साखर बंद केलीय. गूळ म्हणजे काही साखर नव्हे. बाळंतिणीला देतात, आजाऱ्याला देतात. गुळाने कधी कुणाला बाधलंय?"

शेजारच्या काकूंनीही तेच सांगितलं. बायजाबाईनेही. मलाही ते पटलं, आणि पटायला वेळ लागला नाही, कारण मला ते पटायलाच हवं होतं. डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील, हे आतून ठाऊक होतं.

गुळाचा पाव झाला तो काय सांगू! वरून बदामी, आतून मऊ. घरभर वास. शालूने दोन तुकडे खाल्ले, दादांनी बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे वर बघून "छान" म्हटलं. मी चार तुकडे खाल्ले. पाच महिन्यांत पहिल्यांदा मी जेवणावरून उठताना चिडलेली नव्हते.

दुसऱ्या दिवशी नळी लाल. तिसऱ्या दिवशी लाल. मी औषधाला दोष दिला, दिव्याला दोष दिला. गूळ काही सोडला नाही.

आणि मग एका सकाळी, बाकी सगळे आत असताना, मी आठ थेंबांऐवजी दोन थेंब टाकले आणि वर सहा थेंब पाणी.

नळी तापवली. औषध जेमतेम हिरवट झालं. म्हणून आणखी एकदा केलं, एक थेंब आणि बाकी पाणी. निळी. सुरेख निळी. मी ती उजेडात धरून बघत बसले. मग वही उघडली आणि लिहिलं, "निळी."

त्यानंतर रोज. डॉक्टरांकडे न्यायची बाटली घरूनच भरून जायची, तिच्यातही पाणी. डॉक्टर वहीवर बोट फिरवत म्हणाले, "वा! कोंड्याचा पाव मानवला तुम्हाला." त्यांनी संध्याकाळची सुई बंद केली. महिन्याने सकाळची निम्मी केली. यांना मी वही दाखवली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. काळजी वाटत असेल प्रवासाची, असं मी समजले. तहान परत वाढली होती. मी पाणी चोरून प्यायची आणि मोरीत घागरभर पाणी ओतून मगच बाहेर यायची, मुंग्या येऊ नयेत म्हणून.

मी वेडी नव्हते. मला कळत होतं. पण जायच्या परवानगीच्या कागदावर डॉक्टरांची सही झाली की मी बोटीत बसणार, आणि एकदा माझ्या घरी पोचले की सगळं आपोआप ठीक होणार, असं मी धरून चालले होते. आजार जणू डोंबिवलीचा होता.

ठाणे

पाठीवर फोड आला. मी तो आठ दिवस पदराखाली लपवला. शालूने वेणी घालताना पाहिला आणि किंचाळली. काळपुळी होती. ताप भणभणला, मला उभं राहता येईना, आणि यांनी मला ठाण्याच्या इस्पितळात नेलं.

त्याच दिवशी पाठ चिरली. शुद्धीवर आले तेव्हा पालथी होते आणि समोर फक्त खाटेची लोखंडी नळी आणि फरशी. पुढचे अकरा दिवस मी जग फरशीवरून ओळखलं. सिस्टरचे पांढरे कॅनव्हासचे बूट आले की सुई. आयाचे अनवाणी पाय आले की सकाळचा चहा, बिनसाखरेचा. दहा वाजता जखमेतली पट्टी ओढून काढायचे आणि नवी भरायचे. ते येताना ट्रॉलीचं एक चाक कुरकुरायचं. तो आवाज आला की माझे दात आपोआप घट्ट मिटायचे. चार ते सहा भेटायची वेळ. यांच्या चपला मी दारापासून ओळखायची.

दुसऱ्या दिवशी इस्पितळातले डॉक्टर माझी वही घेऊन आले. यांनी ती कौतुकाने बरोबर आणली होती. हे खाटेशीच उभे होते.

"सिस्टरने आत्ता नळी केली, विटेसारखी लाल," डॉक्टर म्हणाले. "आणि वहीत दोन महिने निळी. तुमच्या दोघींपैकी एक खोटं बोलतेय, बाई. तुम्ही की वही?"

मी फरशीकडे बघतच सांगितलं. गूळ, पाणी, एक थेंब, सगळं. डॉक्टर एकच बोलले, "दोन दिवस उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो." मग मला यांच्या चपला वळताना दिसल्या. हे व्हरांड्यात निघून गेले. मला वाटलं, आता हे मला कधीच माफ करणार नाहीत.

त्या दिवशी मला खरी भीती वाटली. बोटीची नाही, घराची नाही. शालूची वेणी कोण घालणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. मी उशीत तोंड खुपसून रडले. पाठ हलली की जखम ओढायची, म्हणून रडायचंही जपून.

शेजारच्या खाटेवर मथुराबाई होत्या. कळव्याच्या. त्यांच्या पायाची दोन बोटं कापली होती, तीही मधुमेहानेच. त्यांनी सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी म्हणाल्या, "रडू नकोस गं. मला तर सांगितलेलं, गूळ सोड पण काकवी चालते. काकवी! गुळाची आईच की ती." मला हसू फुटलं आणि पाठीतून कळ गेली. "हसूही नकोस," त्या म्हणाल्या. त्यांच्या घरून ताक यायचं. रोज अर्धा पेला त्या माझ्याकडे सरकवायच्या, आणि पालथ्या माणसाला पेल्यातून कसं प्यायचं ते त्यांनीच मला दाखवलं, मान वळवून, ओठांच्या कोपऱ्याने.

खोकं

पाच आठवड्यांनी घरी आले. दोन वेळची सुई परत सुरू झाली आणि ती कायमची, असं डॉक्टरांनी बजावलं. हे मला एका शब्दाने बोलले नाहीत. सुई टोचायचे, कापूस दाबून धरायचे, कारखान्यात जायचे. मी ट्रंकांकडे बघायची. मनात अजून धुगधुगी होती. निदान इंजेक्शनसकट जाता येईल का, नाकुरूलाच बदली मागता येईल का, असं काहीबाही.

नवरात्राच्या सुमारास एका दुपारी हातगाडीवाला दारात आला. लाकडी खोकं. वर यांचं नाव, डोंबिवलीचा पत्ता. अक्षर रोझीबाईंचं. मी आणि शालूने फळी उचकटली. गवत बाजूला केलं तर आत माझा ओव्हन. दाराला तीच तार, मी पिळलेली.

ओव्हनच्या पोटात पावाचे डबे आणि एक चिठ्ठी होती. चिठ्ठी इंग्रजीत, ती शालूने वाचून दाखवली. रोझीबाईंनी लिहिलं होतं, तुमच्या साहेबांनी कळवलं म्हणून पेटी पाठवतेय, मुंबईला निघालेल्या ओळखीच्या माणसाबरोबर. तुमच्या घरात नवा कारकून जानेवारीतच आला. त्याची बायको चांगली आहे, पण चहा फार पातळ करते. तुमच्या दारातली पिवळी फुलं तिने उपटली नाहीत.

जानेवारीत. मी तो शब्द शालूकडून दोनदा वाचून घेतला. आम्ही कल्याणच्या डॉक्टरांकडे गेलो होतो तोच महिना. शालू म्हणाली, "आई, म्हणजे आपण..." आणि थांबली.

हे संध्याकाळी आले. खोकं बघून चपला काढायच्या विसरले.

"तार कसली केली होती त्या दिवशी?" मी विचारलं.

"राजीनाम्याची."

"टांगा उभा होता तेव्हा?"

"हो." ते ओटीच्या पायरीवर बसले. "पोस्टात शिरलो तेव्हा रजाच लिहिणार होतो. फॉर्म हातात घेतला आणि डोळ्यांपुढे ती पाच तासांची गाडी आली. तू आत पडलेली, आणि गाडी उद्या."

"आणि मला नऊ महिने निळी नळी बघायला लावलीत?"

"तू बोटीसाठी पथ्य पाळत होतीस. बोट नाही असं सांगितलं असतं तर तू सगळं सोडून दिलं असतंस. मी तुला ओळखतो. मला तेवढंच सुचलं गं." त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. "तू पाणी घालत होतीस हे मला ठाऊक नव्हतं. इस्पितळात कळलं तेव्हा मी बाहेर गेलो तो रागावून नव्हे. तुझ्याकडे बघवेना. बोट मीच दाखवली होती."

 मी जगावं म्हणून यांनी नसलेली बोट माझ्यापुढे उभी केली, आणि तीच बोट गाठायला मी नळीत पाणी घातलं. कुणावर ओरडायचं तेच कळेना. म्हणून मी दोन दिवस सगळ्यांवरच ओरडले. घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. विहिरीपर्यंत जायची, परत यायची, परत जायची. मनात तिकडची वेळ काढायची सवय जाईना. दुपारी चार वाजले की वाटायचं, तिकडे दीड. मग आठवायचं की त्या दीड वाजता त्या घरात दुसरी बाई पातळ चहा करतेय.

मला त्या घराचं फार वाईट वाटलं. आजही वाटतं. लोक म्हणतात, आपल्या माणसांत आलात, चांगलं झालं. झालं असेल. पण जिथे मी माझ्या मनाने सकाळी उठत होते ती जागा गेली, आणि तिचा निरोप मला घेता आला नाही, हे कुठल्याही सुईने बरं होत नाही.

तिसऱ्या दिवशी जाऊबाईंनी काही न विचारता पडवीतला पाटा-वरवंटा हलवला आणि तिथे स्टोव्ह ठेवला. "तुझी ती पेटी इथे बसेल बघ," म्हणाल्या. "आणि गुळाचं मी बोलले होते, ते मनातून काढून टाक. माझीच अक्कल कमी पडली."

"वहिनी, खाल्ला मी," मी म्हटलं.

मी कणीक घेतली, तितकाच कोंडा, मीठ, चाचांचं खमीर, चमचाभर तेल. गूळ नाही. पीठ फुगेस्तोवर आत जाऊन ट्रंका उघडल्या आणि कपडे कपाटात लावले. लोकरीचा कोट तेवढा हातात धरून बसले. डोंबिवलीत तो कुणाला लागणार? मग तोही ठेवला. पाव झाला. तो थोडा कडवटच होता. दोन चकत्या वजन करून खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत दिवा पेटवला. हे मागे उभे होते, कारखान्याला निघालेले, तरी थांबलेले. मी आठ थेंब मोजले. आठही माझे. नळी तापली. औषध हिरवं झालं आणि हिरव्यावरच थांबलं.

वही उघडली. हाताला इतकी सवय झाली होती की मी "नि" लिहूनही बसले होते. तो खोडला आणि पुढे लिहिलं, "हिरवी." यांनी वाकून वाचलं. "बरंय," म्हणाले, आणि निघाले.

उद्या ती मागच्या आळीतली मुलगी परत येणार आहे. तिला कुठे जायचंय, कुणाला काय दाखवायचंय, मला माहीत नाही. पण कशासाठी तरी ती पाणी घालतेय. पाव करून ठेवलाय. पण आधी माझी ती जुनी वही तिच्या हातात देणार आहे, तेच पान उघडून, खोडलेल्या "नि"सकट.